कप्तानबाईंनी जहाज सोडलं तेव्हा

माझं माहेर नांदेडचं, सासर निलंग्याचं आणि आम्ही नवरा-बायको नोकरीपायी लातूरला, दोन्हींच्या मधे. ही मधली जागा खरं तर मला लग्नाच्या दिवशीच मिळाली होती.

लग्न नांदेडच्या एका मंगल कार्यालयात होतं. निलंग्याहून वऱ्हाडाची बस आली त्याच वेळी आचाऱ्याचा गॅस संपला. बाबा मागच्या दाराशी उभे राहून दुसऱ्या सिलिंडरची वाट बघत होते आणि पुढच्या दाराशी वऱ्हाडाला 'या' म्हणायला कुणीच नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, फेटा बांधून तसेच बसमध्ये बसून राहिले. "कुणी बोलावल्याबिगर उतरायचं न्हाई," एवढंच म्हणाले. ते उतरेनात म्हणून बाकीचेही उतरेनात. शेवटी बाबा धावत पुढच्या दाराशी आले, तेव्हा कुठं सगळे उतरले. पुढे निलंग्याला सत्यनारायण ठरला, त्याचं बोलावणं मामंजींनी फोनवर केलं. ते बाबांना लागलं. "व्याह्याला फोनवर बोलावतात? मी काय गॅसवाला आहे का?" असं आईजवळ म्हणाले आणि गेले नाहीत.

दोघांचं उघड भांडण कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. दोघं एकमेकांशी इतक्या आदरानं बोलायचे की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. "तब्येत?" "बरी आहे." "पाऊसपाणी?" "हाय बरं." झालं, संपलं. मग दोघंही पंख्याकडे बघत बसायचे.

एका पावसाळ्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं. आई नांदेडहून सोबत येणार होती, पण वहिनीचं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून ती तिकडेच थांबली आणि बाबा एकटे आमच्याकडे आले. ते वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायला लागले तोच निलंग्याहून फोन आला, की मामंजींचा मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर लातूरचेच बघा. सासूबाईंना जनावरं सोडून येता येईना. म्हणजे दोन खोल्यांच्या आमच्या घरात दोन व्याही आले. एकाला चालता येत नव्हतं आणि दुसऱ्याला दिसत नव्हतं. नवरा वीज कंपनीत, मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. सकाळी आम्ही बाहेर पडायचो आणि ते दोघं हॉलमधल्या दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसायचे.

टीव्ही होता, पण बातम्या लावल्या की दोघांची मतं वेगळी निघतील या भीतीनं कुणीच रिमोटला हात लावत नव्हतं. एका रविवारी मीच कंटाळून माझी मालिका लावली.

ही मालिका मी नांदेडला हॉस्टेलवर होते तेव्हापासून बघत आलेय. बाहेरच्या देशातली आहे, हिंदीत डब होऊन येते, आणि संपायचं नाव घेत नाही. गोष्ट साधी आहे. माणसं दूरदूरच्या ग्रहांवर जाऊन राहिली आहेत, तिथं पाणी नाही. एक जुनाट जहाज बर्फाचे डोंगर ओढत नेऊन या वस्त्यांना पाणी पोचवतं. जहाजाची कप्तान एक पन्नाशीची बाई आहे, तुसडी, कमी बोलणारी. तिच्या हाताखाली एक डॉक्टर, एक सतत चुकणारा तरुण चालक आणि बिघडलेली यंत्रं. अधूनमधून चाचे येतात, पण खरी गोष्ट असते ती पाणी वेळेवर पोचतं की नाही याची.

बाबा म्हणाले, "हे काय लावलंयस? कार्टून आहे का?"

मामंजींचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, एका डोळ्याला हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्यानं धूसरच दिसायचं. त्यांना फक्त आवाज येत होता. ते कान टवकारून ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हे टँकरच हाय की."

रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं तो उन्हाळा आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. बाबांची तर सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, कधी हदगावला, कधी मुदखेडला. त्यांनी वॉकर बाजूला सारला आणि खुर्ची टीव्हीकडे वळवली.

"इवाई, आता काय चाललंय?" मामंजींनी विचारलं. आमच्याकडे खेड्यात व्याह्याला इवाई म्हणतात.

बाबा टीव्हीकडे वाकले. मग म्हणाले, "दोरखंड तुटलाय. बर्फ मागं राहिलाय. ती बाई स्वतः बाहेर निघालीय."

"बाहीर? हवा हाय का तिथं?"

"नाही. पण पोशाख घातलाय."

"मंग ठीक हाय. तो पोरगा काय करायलाय?"

"नुसता बघायलाय."

"त्याला काय येतंय म्हना!"

तिथून पुढं मी क्लासहून आले की घरात आवाज असायचा. बाबा चित्र सांगायचे आणि मामंजी त्यावर निकाल द्यायचे. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, तरी मामंजी म्हणायचे, "तुमी सांगा की, तुमी सांगितलं की जास्त कळतंय." दोघांनी तिचं नाव कप्तानबाई ठेवलं. मी मालिकेत प्रकाशाचा वेग कसा चुकीचा दाखवलाय ते एकदा सांगायला गेले, तर दोघांनी एकदमच मला गप्प केलं. माझ्या नवऱ्यानं ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "हे काय झालं?" मला तरी कुठं माहीत होतं!

दिवाळीच्या आधी दोघं आपापल्या घरी गेले, तोवर सगळे जुने भाग बघून झाले होते. आता राहिला नाताळचा खास भाग. दर वर्षी नाताळात या मालिकेचा एक लांबलचक भाग येतो आणि त्यात काहीतरी मोठं घडतं. जगभरचे चाहते महिनाभर आधीपासून अंदाज बांधत बसतात. आमच्या चाहत्यांच्या मराठी ग्रुपमध्येही सगळ्यांची डोकी तापली होती. या वेळी बाबा मला नांदेडहून फोन करून विचारायचे, "काय अंदाज आहे लोकांचा?" आणि तो ठेवते तोच मामंजींचा निलंग्याहून. "चाच्यांचं जहाज येतंय म्हनायलेत का कुणी?"

भाग आला. आम्ही लातूरला दोघांनी बघितला, बाबांनी नांदेडला टीव्हीवर, मामंजींनी शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर.

जहाज पाणी पोचवायला निघालंय आणि वाटेत कप्तानबाईंचा स्वतःचा ग्रह लागतो. तिथं वर्षाचा सण चाललाय. कितीतरी वर्षांनी ती घरी येते. घराला दिवे लावलेत, टेबलावर जेवण मांडलंय, म्हातारी आई दारात उभी आहे. तेवढ्यात निरोप येतो, की पलीकडच्या वस्तीचं पाणी संपलंय, आजच निघा. आपल्याला वाटतं, आता ही नेहमीसारखी टोपी उचलणार आणि निघणार. ती टोपी उचलते, त्या चुकणाऱ्या पोराच्या डोक्यावर ठेवते आणि आत जाऊन जेवायला बसते. जहाज तिच्याशिवाय उडतं. भाग तिथंच संपतो.

मी रडले. माझा नवरा म्हणाला, "बरं केलं बाईनं," आणि नाक पुसायला बाथरूममध्ये गेला.

फोन वाजला. मामंजी.

"हे काय लावलंय? तिकडं लेकरं पाण्याबिगर बसलीत आन् ही जेवायला बसली?"

तो ठेवायच्या आत बाबांचा फोन यायला लागला.

"वा! काय दाखवलंय! एकदा तरी माणसानं घरी जेवावं. बरोबर केलं तिनं. शंभर टक्के बरोबर."

बाहेरच्या जगातही हेच चाललं होतं. चाहत्यांच्या पानावर हजारो लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. कुणी म्हणत होतं, लेखकाला हाकला. कुणी लिहिलं, मी आईला फोन लावला आणि नुसता गप्प बसलो. कुणी आता ही मालिका कायमची बंद असं जाहीर करून दर तासाला परत येऊन वाद घालत होतं. आमच्या मराठी ग्रुपवर मुदखेडच्या एका पठ्ठ्यानं कप्तानबाईंचा फोटो टाकून, वर हार आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा चौकातल्या फ्लेक्ससारखा फलक बनवला. त्यावर कुणीतरी लिहिलं, अरे, ती मेली नाही, जेवायला बसलीय.

मी हे सगळं दोघांना फोनवर वाचून दाखवत होते. मामंजी म्हणाले, "माझंबी लिव्ह की त्यात." मी म्हटलं, सांगा. त्यांनी सांगितलं ते मी इंग्रजीत करून, 'माझे सासरे म्हणतात' असं लिहून टाकलं. ते असं होतं: 'तुमच्या घरचा सण गोड झाला, तो कुणीतरी पाणी आणून टाकलं म्हणून झाला. आता तिकडं ज्यांच्या घागरी रिकाम्या हायत त्यांचा सण कोण करणार? बाई वाईट न्हाई. पण निघाली असती तर मी उठून उभा राह्यलो असतो.'

बाबांना कळल्यावर तेही म्हणाले, माझंही टाक. त्यांचं असं: 'आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या घरचं पाणी भरलं. एक दिवस तिला स्वतःच्या घरी पाहुणी म्हणून तरी बसू द्या. जहाज चालवायला दुसरा माणूस मिळतो, आईला दुसरी मुलगी मिळत नाही.'

मला दोन्ही सारखीच आवडली होती. जगाला तसं वाटलं नाही. मामंजींच्या लिहिण्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. कुठल्यातरी थंड देशातल्या एका माणसानं लिहिलं, की मी नाताळच्या दिवशी रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर होतो, घरी जाता आलं नाही, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. बाबांच्या लिहिण्यावर दोन बदाम आले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा होता.

हे मी बाबांना सांगितलं नसतं, पण मामंजींना राहवेना. त्यांनी आपणहून नांदेडला फोन लावला.

"इवाई, तुमच्याला किती आले?"

बाबांनी फोन ठेवून दिला. नंतर मला म्हणाले, "बदाम मोजून खरंखोटं ठरतं का?"

"नाही ठरत, बाबा."

"मग ते कशाला मोजायलेत?"

परत एकदा दोन्हीकडं शांतता पसरली. फरक एवढाच, की आधीच्या शांततेत काही बोलायला नव्हतं आणि आता दोघांच्या पोटात शब्द मावत नव्हते. आई फोनवर सांगायची, "हे बागेत फिरताना एकटेच हातवारे करायलेत." सासूबाई सांगायच्या, "म्हशीला सांगायलेत, बाईनं जायला पायजे हुतं म्हणून."

शेवटी मामंजींनीच पुन्हा फोन केला. "असं फोनवर न्हाई जमत. येळवसला या शेतात. समोरासमोर बोलू."

वेळ अमावस्या, आमच्या लातूर भागाची येळवस, त्या वर्षी नाताळाच्या मागोमागच आली होती. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात, सगळे शेतात जेवायला जातात. नांदेडला माझ्या माहेरी तिचं काही फारसं नसतं. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, "परत फोनवरच बोलावलं. मी नाही जाणार."

येळवसच्या सकाळी आम्ही निलंग्याला निघायच्या तयारीत होतो. पातेली, ताटं गाडीत ठेवून झाली आणि बाबांचा फोन आला.

"मी लातूरच्या स्टँडवर आहे. निलंग्याची गाडी कुठं लागते?"

"बाबा! तुम्ही तर येणार नव्हता ना?"

"मी सणाला आलो नाही. मी माझा मुद्दा मांडायला आलोय."

आम्ही त्यांना स्टँडवरून घेतलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी, पिशवीत सासूबाईंसाठी साडी आणि पेढे. मुद्दा मांडायला आलेल्या माणसाजवळ साडी कशी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वाटेभर ते खिडकीतून हरभरा बघत होते आणि ओठ हलवत होते.

शेताच्या कडेला गाडी थांबली. काळ्या रानात अजून ओल होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस त्यातून कसा चालणार, हा प्रश्न मला तेव्हा सुचला. पण लांबून मामंजी येताना दिसले. डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची उलटी घेतलेली. धापा टाकत आले, खुर्ची बांधावर ठेवली आणि म्हणाले, "बसा. दमानं जाऊ. थोडं चालायचं, थोडं बसायचं." तसेच ते दोघं कोपीपर्यंत, म्हणजे पूजेच्या खोपटापर्यंत गेले, दहा पावलं चालायचे आणि बाबा बसायचे. खुर्ची प्रत्येक वेळी मामंजींनीच उचलली. मी मागून बघत होते.

कडब्याच्या कोपीत पूजा झाली. सासूबाईंनी बाबांना पहिलं ताट वाढलं. शेंगा-पाल्याची मिसळ भाजी म्हणजे भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यातली ताकाची आंबील. बाबांनी आंबील पहिल्यांदाच प्यायली आणि दुसरा पेला मागितला. मामंजी म्हणाले, "आधी जेवा. मंग भांडू."

जेवणं झाली. दोघं बाभळीखाली बसले. शेजारच्या शेतातलीही चार माणसं तोंड पुसत जवळ येऊन बसली. मामंजींनी त्यांना थोडक्यात गोष्ट सांगितली. एकानं विचारलं, "जहाज कुठल्या गावचं?" मामंजी म्हणाले, "ते लई लांबचं हाय. तू नुसतं ऐक."

बाबांनी सुरुवात केली. वाटेत ओठ हलवत ठरवलेलं सगळं भाषण ते विसरले असावेत. म्हणाले, "मी हदगावला होतो. दिवाळीत कालव्याला पाणी सोडायचं असायचं. ही पोरगी लहान होती. मी घरी जायचो तेव्हा किल्ला मोडलेला असायचा. नुसती माती. मी मातीलाच म्हणायचो, छान केलाय किल्ला."

मला तो किल्ला आठवला नाही, पण बाबा पायजम्यासकट खाली मांडी घालून मातीसमोर बसलेले अंधूक आठवले.

मामंजी काडीनं जमीन उकरत होते. "आन् मी?" ते म्हणाले. "मी हितंच. जलमलो तवापासून हितंच जेवायलो. घरी बसायचं सुख माझ्याजवळ लई हाय, इवाई. कुणी कधी मनलं न्हाई की तिकडं तुझी वाट बघायलेत, ऊठ. तिला मनायलेत आन् ही बसली. म्हणून राग आला."

बाबांनी त्यांच्याकडं बघितलं. "मी येताना तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून आलो होतो."

"पाडा की."

"आता नको. पोट भरलंय."

सगळे हसले. शेजारचा माणूस म्हणाला, मग निकाल काय? मामंजींनी कोपीकडं तोंड करून सासूबाईंना हाक मारली. "अगं, तू सांग. तूबी बघितलंस की. बाईनं जायला पायजे हुतं का राह्यला?"

सासूबाई भांडी गोळा करत होत्या. सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "ते मला काय माहीत? पण टेबलावर एवढं मांडलं हुतं, ते रांधलं कोण? ती म्हातारी दारात उभी. आत कुणी दिसलं न्हाई. रांधणारीला का म्हून दाखवलं न्हाई मग?"

मी हा प्रश्नही त्या चाहत्यांच्या पानावर टाकला. दोन्ही व्याह्यांच्या मिळून बदामांपेक्षा जास्त बदाम सासूबाईंना मिळाले आणि पुढचे कितीतरी दिवस जगभरातली माणसं त्या टेबलाचा फोटो मोठा करून करून बघत होती, पाठीमागं कुणाचा हात तरी दिसतोय का म्हणून. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघू दे. तेवढंच काम हाय त्यांना."

बाबा त्या दिवशी परत येणार होते. राहिले. दुसऱ्या दिवशीही राहिले. मामंजींनी त्यांना निलंग्याच्या बाजारात नेऊन ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं, "हे आमचे इवाई. नांदेडचे. यांना सगळं मालूम हाय, पाण्याचं." आई नांदेडहून मला विचारत होती, "हे येणार आहेत की तिकडंच जमीन घेणार आहेत?"

पुढं मालिकेचा नवा हंगाम आला. कप्तानबाई नाहीत. टोपी त्या पोराच्या डोक्यावर. पहिल्याच भागात त्यानं बर्फाचा अर्धा डोंगर वाटेत सांडला. भाग संपल्यावर दोन्ही फोन एकदम येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच दोघांना एकत्र जोडून घेतलं आणि मोबाइल ओट्यावर ठेवला.

"बघितलं का, इवाई?"

"बघितलं."

"काय मनता?"

बाबांनी सुस्कारा सोडला. "याला दोर बांधता येत नाही हो."

"दोर? याला टोपी सुदीक नीट बसंना."

"आणि ते बोलणं? प्रत्येक गोष्टीला हसतो. हसायचं काय आहे त्यात?"

"तेच मनलं मी! बाईचा दरारा कसा हुता. नुसतं बघितलं की यंत्र चालू व्हायचं."

"मी तर म्हणतो, वस्तीवाल्यांनी तक्रार करायला पाहिजे."

"करू की. सूनबाई, लिव्ह गं. दोघांचं मिळून एकच लिव्ह."

मी कणीक मळत होते. हात धुवून येते म्हटलं, पण ते ऐकायला दोघांपैकी कुणीच थांबलं नव्हतं. त्या पोरानं बर्फ कसा ओढायला हवा होता, हे बाबा सांगत होते आणि मामंजी मधे मधे "हाव, हाव" म्हणत होकार भरत होते. पोळ्या झाल्या, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, नवरा कामावरून आला, तरी ते चालूच होतं.